पहिली कात्री

मी झगा आहे. टोपीचा, पुढे मोठ्या खिशाचा, खाली झालर लावलेला सुती झगा. माझ्या गावात मला कस्पेक म्हणतात. तिथे मला कुणी सुंदर म्हणत नसे, कारण तिथे मी रोज अंगात घालायची वस्तू होतो. सुंदर म्हणायला लागले ते ज्यांनी मला अंगात घालणं बंद केलं ते लोक. तेव्हा माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. तो माझ्यात कधी नव्हताच, आणि आता तर अजिबात नाही.

माझा जन्म दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, कुस्कोक्विम नदीच्या मुखाकडच्या एका गावात झाला, अकलीनाच्या घरी, जेवायच्या टेबलावर. गावच्या दुकानात निळ्या कापडाचा तागा आला होता, बारीक पांढऱ्या फुलांचा. अकलीनाने तो चिमटीत धरून चुरगाळून पाहिला आणि बाजूला ठेवायला सांगितला. ती शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची आणि उरलेल्या वेळात शिवायची. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिच्या हातचं काही ना काही असायचं. पण शिक्षकांच्या बाबतीत तिचा एक नियम होता. पहिल्या वर्षीच्या शिक्षकाला काहीही शिवून द्यायचं नाही.

नियम उगाच नव्हता. शिक्षक ऑगस्टमध्ये विमानातून उतरतात, कोरे करकरीत बूट घालून, चिखलाचेसुद्धा फोटो काढत. नव्याचे नऊ दिवस ऑक्टोबरात संपतात. मग अंधार येतो, वारा येतो, विमान आठवडा आठवडा येत नाही आणि दुकानातली अंडी संपतात. नाताळात घरी गेलेले काही जण परततच नाहीत, उरलेले मे महिन्यात जातात. आमच्या गावात म्हणतात, वसंतात हंस येतात आणि शिक्षक जातात, त्यातल्या त्यात हंसांची अंडी तरी खायला मिळतात. पोरांनी दर वर्षी एक नवं नाव शिकायचं, त्या माणसाला जीव लावायचा आणि मे महिन्यात धावपट्टीच्या कडेला उभं राहून हात हलवायचा. हात हलवण्यात आमच्या पोरांइतकी तरबेज पोरं दुसरीकडे नसतील.

इंग्रिड अशीच आली, दूर दक्षिणेकडच्या मिनेसोटाहून, पहिली-दुसरीला शिकवायला. हे माझ्या जन्माआधीचं, पण इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. पहिल्याच आठवड्यात ती रडली. मी विचारते आणि पोरं नुसती बघत बसतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, असं ती म्हणत होती. तिच्या वर्गात मदतीला लुकेरिया असायची, अकलीनाची मुलगी. ती म्हणाली, "अगं, देतायत की उत्तरं. तू तोंडाकडे काय बघत बसलीस? भुवयांकडे बघ." आमच्याकडे भुवया उचलल्या की हो आणि नाक आक्रसलं की नाही, एवढं साधं आहे. आठवडाभर पोरं तिला धडाधड उत्तरं देत होती आणि ही बाई रडत होती.

पण ती टिकली. पुढच्या ऑगस्टमध्ये विमानातून पुन्हा इंग्रिडच उतरली, जुनेच बूट घालून. अकलीना सामान घ्यायला धावपट्टीवर गेली होती. "आलीस?" एवढंच तिने विचारलं आणि त्याच संध्याकाळी मला कापायला घेतलं. माप घेतलं नाही, नजरेनेच काम केलं. शिवणीच्या आत कापड मात्र भरपूर सोडलं, कारण कपडा एका माणसासाठी शिवायचा नसतो, असं ती म्हणे.

शाळेतल्या बाकीच्या बाया शुक्रवारी कस्पेक घालायच्या. इंग्रिड मला रोज घालायची, आणि त्याचं कारण माझं रूप नव्हतं, माझा खिसा होता. पहिलीच्या बाईला खिशावाचून चालत नाही. त्यात नाकं पुसायचे कागद असत, पेन्सिलींचे तुकडे असत, कुणाचा तरी पडलेला दात असे, हातमोज्यांच्या जोडीतला एकच असे. अकलीना जाता येता त्यात सुकवलेल्या रावसाची पट्टी खुपसायची, "खा, काड्या झाल्यात हातापायांच्या," म्हणत. त्या तेलाचा डाग माझ्यावर पडला तो कधी गेला नाही. मला त्याचा अभिमान होता.

हिवाळ्यात शाळा भरते ती अंधारातच. पोरं बर्फगाडीवर बापाच्या पाठीला चिकटून येत, पापण्यांवर बर्फ घेऊन. आल्याबरोबर मोजे काढून गरम नळीवर वाळत घालायचे, मग न्याहारी, मग अभ्यास. पुस्तकं दक्षिणेतून छापून येत. त्यात सफरचंदाची झाडं, लाल-हिरवे दिवे आणि शेतातली गाय. आमच्या गावात झाड नाही, रस्ता नाही, गाय तर कुणी स्वप्नातही पाहिली नाही. एकदा एका पोरीने गाईचं चित्र बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "टीचर, हिचं तेल चांगलं निघतं का?" इंग्रिड इतकी हसली की मी शिवणीत उसवलो. दुसऱ्या दिवसापासून तिने गाय बाजूला ठेवली आणि ज्याचं तेल आमच्याकडे खातात त्या समुद्रातल्या सीलवर धडा लिहायला घेतला. त्यातले सील कापायचे शब्द पोरांनी तिला सांगितले आणि ती चुकली की पोरं हसून लोळत.

शाळा सुटली तरी सुटका नसे. शिक्षकांच्या खोल्या शाळेला लागूनच होत्या आणि अंधार पडला की दारावर थाप पडायची. "टीचर, आम्ही बसायला येऊ?" पोरं यायची, कडक बिस्किटांवर लोणी लावून खायची, काही न बोलता तासभर बसायची आणि निघून जायची. पहिल्या वर्षी इंग्रिडला ह्याचा त्रास व्हायचा. पुढे थाप पडली नाही तर ती दार उघडून बघायची.

तिच्या आईचा, व्हर्नाबाईंचा, फोन यायचा तेव्हा मी तिच्या अंगावरच असे. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू येई. तिथली हौस फिटली का, असं आई विचारायची. इकडे घराजवळ चांगल्या शाळेत जागा आहे, त्या पोरांना शिकून तरी कुठे जायचंय, असंही म्हणायची. इंग्रिड दर वर्षी म्हणायची, हे शेवटचं. आणि दर वर्षी वसंतात पुढच्या वर्षाची सही करायची. चौथ्या वर्षीही केली. आईला समोर बसून सांगते म्हणाली, मला खुंटीवर टांगलं, लुकेरियाच्या पोटावर हात ठेवला आणि सांगितलं, "मी येईपर्यंत थांब हं, आधी बाहेर येऊ नकोस." लुकेरियाला तेव्हा दिवस गेले होते.

आमच्या गावाला रस्ता नाही. नदी आहे, बर्फ आहे, वादळ आहे, छोटी विमानं आहेत, आणि त्या सगळ्यात ती चार वर्षं सुखरूप राहिली. गेली ती तिच्या गावच्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर, आईच्या घरून निघाल्यावर, मोटारीच्या अपघातात, जुलै महिन्यात, लख्ख उन्हात. शाळेत फोन आला. लुकेरिया जड पावलांनी इंग्रिडच्या खोलीत आली, मला खुंटीवरून काढलं आणि घरी नेलं. बाकीचं सामान खोक्यांत भरून पुढे मिनेसोटाला गेलं.

सप्टेंबरमध्ये लुकेरियाला मुलगी झाली. नाव काय ठेवायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या बाळाला देतात आणि नावाबरोबर माणूस येतो. अकलीनाने बाळाच्या ओठांना पाण्याचा थेंब लावला, कानात नाव सांगितलं आणि म्हणाली, "आलीस?" अगदी धावपट्टीवर म्हणाली होती तसंच.

त्या दिवसापासून ती पोर इंग्रिड झाली आणि सगळ्या गावाची टीचर झाली. मिसरूड फुटायला आलेले मुलगे घरात आले की पाळण्यापुढे आवाज खाली आणायचे. वासिली नावाचा एक, ज्याला दुसरीत अक्षर लागत नव्हतं आणि इंग्रिडने मांडीशी बसवून वाचायला शिकवलं होतं, तो पहिली बंदूक हातात घेऊन रानकोंबडी मारून आला, ती त्याने ह्या दीड वितीच्या बाळापुढे ठेवली. मग मान खाली घालून म्हणाला, "टीचर, तुझं पुस्तक मी परत केलंच नव्हतं. घरी आहे." अकलीना मात्र थट्टा सोडायची नाही. "काय गं टीचर, पोरांना पाढे विचारायचीस, आणि आता स्वतः लंगोट ओले करत बसलीस?" म्हणायची आणि तिचे गाल कुरवाळायची. मी खुंटीवरून हे सगळं बघत असे. खरं सांगतो, इंग्रिड गेली असं मला फार दिवस वाटलं नाही.

मग अकलीनाने एक चूक केली. तिच्या मते ती चूक नव्हतीच. लेकीची खबर आईला देणं हे कुणाचंही कामच आहे. तिने लुकेरियाकडून बाळाचा फोटो व्हर्नाबाईंना पाठवला आणि सोबत लिहवून घेतलं, तुमची मुलगी परत आली आहे, तब्येत बरी आहे, दोन दात आले आहेत, सवडीने भेटायला या. उत्तर आलं नाही. दर वर्षी फोटो गेला, दर वर्षी उत्तर आलं नाही. कामात असेल, असं अकलीना म्हणायची.

पोर पाच वर्षांची व्हायला आली. त्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा शाळेत जाणार होती आणि मला तिच्या मापाचं करायचं ठरलं होतं. माझ्या शिवणींतून आठ वर्षांपूर्वी सोडून ठेवलेलं कापड वाट बघत होतं. कात्री काढली त्याच दिवशी शाळेत निरोप आला, व्हर्नाबाई येतायत. अकलीनाने कात्री खाली ठेवली. "आई येतेय ना तिची," ती म्हणाली, "मग पहिली कात्री तिलाच मारू दे."

दोन दिवस गाव नुसतं लगबगीत होतं. बेरी आणि चरबी फेटून आकुताक केलं, सगळ्यांत चांगले मासे काढले, पोरीच्या घट्ट वेण्या घातल्या. तुझी आई येणार, असं तिला दिवसातून दहा वेळा सांगत होते आणि ती दिवसातून दहा वेळा भुवया उचलत होती.

व्हर्नाबाई आल्या. उंच, ताठ, इंग्रिडसारखीच हनुवटी. अकलीनाच्या घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. टेबलावर मी पसरलेला होतो आणि माझ्यावर कात्री. बाईंनी दुसरं काही पाहिलंच नाही. सरळ आल्या आणि मला छातीशी धरलं. कात्री खाली पडली.

"इंग्रिडच्या प्रत्येक फोटोत हा तिच्या अंगावर आहे," त्या म्हणाल्या. "खोक्यांत नव्हता. मी ह्याच्यासाठी आलेय."

लुकेरियाने कात्री उचलून त्यांच्यापुढे धरली. "आई म्हणते, पहिली कात्री तुम्ही मारा. मग ती शिवून देईल. सोमवारी शाळा आहे."

"कापायचा? कशाला? हा इंग्रिडचा आहे."

"हो, इंग्रिडचाच आहे," लुकेरिया म्हणाली आणि पोरीला पुढे केलं.

पोर समोर येऊन उभी राहिली. तिने त्या उंच बाईकडे मान वर करून पाहिलं आणि मनात इतके दिवस घोळत असलेलं विचारलं, "आई, तू इतका उशीर का केलास?"

मी बाईंच्या छातीशी होतो. त्यांचं काळीज कसं धडधडलं ते मला कळलं. एक क्षण मला वाटलं, आता ह्या खाली वाकतील. पण त्या लुकेरियाकडे वळल्या. "माझी मुलगी वारली," त्या म्हणाल्या. "ह्या पोरीला कुणीतरी सांगा. तुमचे फोटो मी पाच वर्षं सहन केले. हे असं कुणाशी करू नये."

पोरीने नाक आक्रसलं. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. घरातल्या बाकी सगळ्यांना कळला.

मग बाई अकलीनाला म्हणाल्या, "मी हा नेऊ शकते ना?" आमच्या घरी पाहुण्याने तोंडाने मागितलेली वस्तू नाकारत नाहीत, आणि इथे तर आई लेकीची वस्तू मागत होती. अकलीनाने पोरीकडे पाहिलं. मग तिने भुवया उचलल्या.

"न्या म्हणतेय," लुकेरिया म्हणाली.

"ती तर काही बोललीच नाही."

"बोलली."

भिंतीशी बसलेली एक म्हातारी आपल्या भाषेत पुटपुटली, "सगळ्या गावाला शिकवलं टीचरने, घरचंच एक माणूस राहिलं." आकुताकला बाईंनी हात लावला नाही. विमान संध्याकाळी निघालं. पोर धावपट्टीच्या कडेला उभी राहून हात हलवत होती. तिला ते कुणी शिकवायची गरज पडली नाही.

विमानात बाईंनी माझ्यात तोंड खुपसलं. लेकीचा वास शोधत होत्या. माझ्यात काय होतं? मासा, चुलीचा धूर, खडू आणि पाच वर्षं माझ्याखाली खेळलेल्या एका पोरीचा वास. घरी पोचल्याबरोबर त्यांनी मला गरम पाण्यात साबण घालून धुतलं. मासा गेला, धूर गेला, आणि इंग्रिडचं काही उरलं असेल तर तेही त्याच पाण्याबरोबर मोरीत गेलं. तेलाचा डागही अखेर फिका पडला. मग दोन्ही बाह्या पसरून मला टाचण्या मारल्या, काचेच्या चौकटीत बसवलं आणि दिवाणखान्यात टांगलं.

तेव्हापासून मी सुंदर आहे. शेजारणी येतात, कॉफी पितात, किती नाजूक काम म्हणतात. त्या गावात काय काय सोसलं असेल तुमच्या इंग्रिडने, असंही म्हणतात. बाई मान हलवतात. एकदाच एका शेजारणीपाशी त्यांच्या तोंडून निघून गेलं की, त्या दिवशी जेवताना वाद झाला आणि मीच म्हटलं, जायचं तर आत्ता जा तुझ्या गावाला, माझ्यासमोर बसू नकोस. इंग्रिड उठली, गाडीत बसली आणि गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परत आलेल्या मुलीला तोंड दाखवावं लागतं. मेलेलीला चौकटीत बसवता येतं. मला बाईंची दया येते, पण माफ करण्याइतकी नाही.

फोटो येणं बंद झालं. त्याऐवजी फोन यायला लागला. पोर शाळेत जाते, फोनचे आकडे दाबायला शिकली आहे, आणि टीचरच्या आईचा नंबर शाळेत लिहिलेलाच होता. फोन माझ्या खालीच आहे. त्याला निरोप ठेवायचं यंत्र जोडलंय. बाई समोर असल्या तरी उचलत नाहीत, यंत्र वाजू देतात. पोर सांगते आज काय खाल्लं, कोणता दात पडला, नदी गोठली. मी काचेआडून ऐकतो. मला ओ देता येत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा वाजला. बाई बाहेरून नुकत्याच आल्या होत्या, अंगातला कोटही काढला नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"आई, मी इंग्रिड," पोर म्हणाली. "आजी आजारी आहे. ती म्हणाली झग्याचं विचारू नकोस. मी विचारत नाहीये. मी तिला म्हटलं, आई तो का घेऊन गेली? तर ती म्हणाली, तुला थंडी वाजत होती म्हणून. मग ठेव तू. माझ्याकडे दुसरा आहे."

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग बटण दाबलं आणि निरोप पुसून टाकला. वर पाहिलं, माझी चौकट जराशी कलली होती, ती सरळ केली आणि आत निघून गेल्या.

वाचकहो, मी तुमच्याकडे काय मागणार? मला तिथे परत न्या म्हणालो तरी तुम्ही कुठून नेणार? पोर आता वाढतेय, आणखी बारा-तेरा वर्षांनी मी न कापताच तिच्या अंगाला बसेन, अशी आशा मी धरून असतो. खिडकीतल्या उन्हाने माझी एक बाही पांढरी पडत चाललीय, तोवर किती उरेन ठाऊक नाही. माझं राहू द्या. पण कधी ह्या बाईंची गाठ पडली तर एवढं सांगा. ह्या भरल्या जगात तुम्हाला आई म्हणणारं आता एकच माणूस आहे. फोन वाजतोय तेव्हा उचला. आमच्या गावची पोरं धावपट्टीवर उभी राहून पुष्कळ वेळ हात हलवतात, पण विमान दिसेनासं झालं की तीही घरी जातात.